पहिली पाळी, दुसरी पाळी आणि कादंबरी

नोकरी सांभाळून कादंबरी लिहायची म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: वेळच मिळत नाही हो. खरं तर रोजचा अर्धा-पाऊण तास कुणीही काढू शकतं. क्रिकेटसाठी निघतो, रील बघायला निघतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच. मंगळवारी लिहिलेला प्रसंग शनिवारी उघडला की तो परक्याने लिहिल्यासारखा वाटतो. नानाकाकांच्या हातात कंदील होता की टॉर्च, थोरलीला बातमी आधीच कळली होती का, पाऊस थांबला होता की चालूच होता, हे शोधता शोधताच तो अर्धा तास संपतो आणि माणूस वही मिटून जेवायला उठतो. कविता बसची वाट बघताना होऊन जाते, कथा एखाद्या रविवारी उरकता येते. कादंबरी मात्र वर्षभर डोक्यात जागी ठेवावी लागते. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच कामासाठी आहेत: कामावरून आल्यावर कादंबरीत परत शिरायला कमीत कमी वेळ लागावा.

हे लिहिताना डोळ्यांसमोर बडोद्याची माणसं आहेत. रिफायनरीत किंवा खत कारखान्यात पाळ्या करणारे, मकरपुरा जीआयडीसीत जनरल शिफ्टला जाणारे, आणंद-भरूचला अपडाऊन करणारे, बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करून घरी आल्यावर कुकर लावणाऱ्या. एकच वेळापत्रक या सगळ्यांना चालणार नाही, म्हणून ते मी देतही नाही.

पायरी १: आधी वर्ष मांडा

कथानकाच्या आधी कॅलेंडर काढा आणि जे दिवस हातचे जाणारच आहेत ते खोडून टाका. उत्तरायणाचे दोन दिवस, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, गच्चीवर जातात. बँकवाल्यांचा आणि अकाउंट्सवाल्यांचा मार्च जातो. प्लँटवाल्यांचा शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद, असेल तेव्हा बारा-बारा तासांची ड्युटी लागते, त्या दिवसांत लिहिण्याचं नावही काढू नये. शाळा उघडण्याचा जूनचा आठवडा आईबापांचा जातो. गणपतीचे दिवस आहेतच. आणि नवरात्र! बडोद्यात राहून नवरात्रात कादंबरी लिहीन म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. तुम्ही गरबा खेळत नसलात तरी मैदानावरचा आवाज खिडकीतून आत येतोच.

उलट दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, गावाचा बाजार सुस्तावतो, फोन कमी वाजतात. तुमच्याकडे त्या दिवसांत पाहुणे नसतील तर ते सोन्यासारखे दिवस आहेत, आधीच राखून ठेवा.

सगळं खोडून झाल्यावर बावन्नपैकी साधारण चाळीस आठवडे हाती राहतात. आता हिशोब करा. मध्यम आकाराच्या मराठी कादंबरीचे साठ हजार शब्द धरले तर आठवड्याला दीड हजार, म्हणजे पाच दिवस रोज तीनशे. छापील डेमी पानाच्या भाषेत रोज एक पान किंवा थोडं जास्त. पहिला खर्डा वर्षात होतो. खोडलेले आठवडे आधीच खोडलेले असल्यामुळे तेव्हा लिहिलं नाही म्हणून मन खात नाही, आणि नोकरदार लेखकाच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. बऱ्याच कादंबऱ्या बंद पडतात त्या नवरात्रात नव्हे, नवरात्रानंतरच्या 'आता कुठून सुरू करू' या विचारात.

पायरी २: जागा आणि वेळ पाळीप्रमाणे ठरवा

पहाटे पाचला उठून लिहा, हा सल्ला सगळे देतात. पहिल्या पाळीला पाचलाच कंपनीची बस पकडायची असेल तर त्याचा उपयोग काय?

पाळीवाल्यांसाठी दुसऱ्या पाळीचा आठवडा सगळ्यात चांगला. सकाळी मुलं शाळेत गेल्यापासून डबा भरून निघेपर्यंत घर शांत असतं, डोकं ताजं असतं. नवे प्रसंग तेव्हा लिहा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी झोप येणारच. आधी झोपा, मग संध्याकाळच्या चहानंतर तीनशे शब्द. नाइटच्या आठवड्यात नवीन काही लिहू नका. तेव्हा फक्त वाचा, टिपणं करा, पात्रांची नावं ठरवा. जागरणानंतर लिहिलेलं पान लिहिताना फार भारी वाटतं, दोन दिवसांनी वाचलं की कळतं.

अपडाऊनवाल्यांचं वेगळं. सकाळच्या मेमूत आणंदपर्यंत पाऊण तास मिळतो, पण बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून ट्रेनमध्ये करायचं काम असं निवडा की ते उभ्यानेही व्हावं: फोनवर अंगठ्याने चार संवाद, नाहीतर कालच्या पानाचं वाचन. परतीच्या गाडीत पत्त्यांचा डाव बसलेला असतो. तिथे लिहायला जाऊ नका, कान उघडे ठेवा. रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यात माणसं जितकी मोकळी बोलतात तितकी घरीसुद्धा बोलत नाहीत.

गाडीत लिहिणं काही आजचं नाही. इंग्लंडचा अँथनी ट्रोलप १८३४ ते १८६७ टपाल खात्यात नोकरीला होता. कामासाठी सतत रेल्वेचा प्रवास, तेव्हा मांडीवर लिहायची छोटी पाटी त्याने करून घेतली, डब्यात पेन्सिलने लिहायचा आणि घरी बायको ते उतरवून काढायची. पुढे पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. त्याला उठवायला घरचा म्हातारा मोतद्दार होता, आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. बायको आणि मोतद्दार या दोघांशिवाय ती शिस्त किती टिकली असती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टच्या नोकरीत राहूनच कादंबरीकार झाले. तेव्हा 'नोकरी सोडल्याशिवाय काही खरं नाही' हे मनातून काढा. पहिल्या कादंबरीसाठी नोकरी सोडू नका, एवढं मी स्पष्ट सांगतो. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्याचं लिहिताना मन जास्त मोकळं असतं.

पायरी ३: उद्याच्या स्वतःला चार्ज द्या

सगळ्यात महत्त्वाचं हे. बाकी काही केलं नाही तरी चालेल.

प्लँटमध्ये काम केलेल्याला सांगायला नको की पाळी संपली म्हणून माणूस उठून घरी जात नाही. लॉगबुकात लिहितो: काय चालू आहे, काय बंद ठेवलंय, कोणता पंप आवाज करतोय, येणाऱ्याने कशावर लक्ष ठेवायचं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येतो, ती नोंद वाचतो, दोन प्रश्न विचारतो आणि चार्ज घेतो. दहा मिनिटांत तो प्लँटच्या मधोमध असतो, आदल्या आठ तासांत तिथे नसूनही.

कादंबरीत तुमचा रिलीव्हर तुम्हीच. फक्त तो उद्या ऑफिसात साहेबांचं ऐकून, ट्रॅफिकमध्ये अडकून, भाजी घेऊन येणार आहे, आणि त्याला आजचं काही आठवणार नाही. म्हणून लिहिण्याची वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी थांबा आणि त्याच्यासाठी नोंद लिहा. अशी:

*थांबलो तिथे: शालूमावशी जिन्यात उभी. किल्ली तिच्या कनवटीलाच आहे, पण सांगत नाही. संध्याकाळ, दिवे गेलेत.*
*पुढे: खालून घरमालक हाक मारतो. भाडं मागत नाही, पाणी मागतो. तिला हे अपेक्षित नव्हतं.*
*कुणाला काय माहीत: दिलीपला किल्लीचं माहीत आहे. सुनेला नाही.*
*लक्ष ठेवा: तिसऱ्या प्रकरणात जिना लोखंडी होता, इथे लाकडी झालाय. आता मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, फक्त नोंद.*

चार ओळी. यातली 'पुढे' ही ओळ सगळ्यात मोलाची. तिच्यासाठी प्रसंग पूर्ण करून उठू नका. पुढचं वाक्य माहीत असताना, लिहायचा हात शिवशिवत असताना उठा. मोठा प्रसंग हातावेगळा केल्याचं समाधान घेऊन झोपलं की दुसऱ्या दिवशी समोर कोरं पान येतं, आणि दमलेल्या माणसाला कोरं पान जिंकू देत नाही.

'कुणाला काय माहीत' ही ओळ नवखे गाळतात. नोकरीच्या धबडग्यात लिहिलेल्या कादंबऱ्यांमध्ये सर्रास सापडणारी चूक हीच असते: जी गोष्ट पात्राला अजून कळलेलीच नाही तिच्यावर ते रागावतं. भूगोलाच्या चुका संपादक पकडतो, ही चूक वाचकाला नुसती बोचते आणि तो पुस्तक बाजूला ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बसल्यावर फक्त ती नोंद आणि कालचं एक पान वाचा. पहिल्या प्रकरणापासून वाचत यायचं नाही. तसं करणाऱ्याचं पहिलं प्रकरण फार घोटून सुंदर होतं आणि सहावं कधी लिहिलंच जात नाही.

या रोजच्या नोंदींखेरीज एक कायमची वही ठेवा: पात्रांची नावं, वयं, नाती, कोण कुणाला काय म्हणतं (काकू की काकी, अहो की नावाने), घराचा नकाशा, घटनांचे वार आणि सण. कादंबरीत साल दिलं असेल तर त्या वर्षाचं जुनं कॅलेंडर बघून दसरा कोणत्या वारी होता ते तपासा. एखादा वाचक तपासतोच.

पायरी ४: फोन, फाइल आणि पाणी

युनिकोडमध्ये लिहा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा बुकना होतो. फोनवर मराठी कीबोर्ड आणि बोलून टाइप करण्याची सोय दोन्ही आहेत. बोललेलं मराठी फोन बऱ्यापैकी पकडतो, विरामचिन्हं आणि नावं मात्र हाताने नीट करावी लागतात. कमाटीबागेत फेऱ्या मारताना संवाद बोलून ठेवता येतात. लोक बघतात, पण सकाळी तिथे हास्यक्लबही चालतो, त्यामुळे तुमच्याकडे फार काळ कुणी बघत नाही.

कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या मेलवर कादंबरीची एक ओळही ठेवू नका. नोकरी सुटली की लॅपटॉप त्याच दिवशी जमा होतो.

हाताने लिहिणाऱ्यांनी रोज उठण्याआधी पानाचा फोटो काढून तो ऑनलाइन चढवावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांच्या तळमजल्यावर शिरलं ते आपण बघितलंय. वह्या पलंगाखालच्या पेटीत नकोत, माळ्यावर ठेवा.

पायरी ५: नियम काय म्हणतात ते आधीच बघा

केंद्र सरकारी नोकर असाल तर १९६४ च्या आचरण नियमांतला १५ वा नियम वाचा. कामात कसूर होत नसेल तर अधूनमधून केलेल्या वाङ्मयीन कामाला पूर्वपरवानगी लागत नाही. गुजरात राज्य सेवेसाठी १९७१ चे वेगळे आचरण नियम आहेत. सार्वजनिक कंपन्यांचे सीडीए (वर्तन, शिस्त आणि अपील) नियम, बँकांचे सेवा विनियम त्यांचे त्यांचे असतात. खाजगी नोकरीत नेमणूकपत्र काढून 'इतर व्यवसाय' आणि 'बौद्धिक संपदा' ही दोन कलमं वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. घरी, आपल्या वेळात लिहिलेली कादंबरी त्यात येत नाही, ती तुमची. नोंदणी केली नाही तरी ती तुमचीच असते.

साहेबाला पात्र करायचं असेल तर? करा, कोण सोडतंय. पण खातं बदला, चण बदला, गाव बदला, आणि त्याची ओळखू येईल अशी एकुलती एक लकब असेल ती दुसऱ्याच पात्राला द्या. अब्रुनुकसानीचा दावा हा एक भाग झाला. दुसरा असा की ओळखीचा माणूस जसाच्या तसा उतरवला की तो कथेत वळत नाही, प्रत्यक्षात जे करेल तेच करत राहतो.

ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटू नका. एखाद-दोघांना पुरे. नाहीतर रोज कँटीनमध्ये 'काय लेखक, किती पानं झाली?' सुरू होतं.

पायरी ६: घरचं

घरच्यांशी मात्र स्पष्ट बोला. 'मी लिहितोय, मला त्रास देऊ नका' हे नव्हे. कोणते दिवस, कोणता पाऊण तास, आणि त्या बदल्यात कोणतं काम तुमच्याकडे, हे ठरवा. लिहिणारी बाई असेल तर हा करार आणखी पक्का हवा, कारण तिच्या लिहायच्या वेळेत दूधवाला, गॅसवाला आणि सासूबाईंची गोळी या तिघांनाही तीच दिसते. दार लावता येईल अशी जागा नसेल तर घराबाहेर लिहा. कामावरून सुटल्यावर घरी येण्याआधीचा अर्धा तास एखाद्या वाचनालयात काढणं हा बऱ्याच जणींना मानवणारा मार्ग आहे.

पायरी ७: माहिती गोळा करायला जाताना

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सुट्टीच्या दिवसाचा मोठा आधार आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्याचं हे मुख्य केंद्र. लोखंडी रॅकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपतो. मराठी पुस्तकांचा जुना साठा आहे. तिथे जाताना कागदावर तीन प्रश्न लिहून न्या आणि तिन्हींची उत्तरं मिळाली की बाहेर पडा. नाहीतर गायकवाडी काळावरची कादंबरी लिहिणारा माणूस गायकवाडी काळ वाचण्यातच निवृत्त होतो. उत्तर नाही मिळालं तर त्या जागी चौकट काढून पुढे लिहा.

नोकरीच्या जगातलं साहित्य मात्र आपणहून तुमच्याकडे येतं. गेटपास, ओव्हरटाइमची भांडणं, कँटीनचं कूपन, युनियनच्या निवडणुका, दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाचं गुजराती मिसळलेलं मराठी. ते बोलणं जसं कानावर पडतं तसं लिहा. पुण्याच्या संपादकाला चालेल का म्हणून आधीच धुऊन-पुसून ठेवू नका.

पायरी ८: रजा दुसऱ्या खर्ड्यासाठी ठेवा

नवखे उलटं करतात. हुरूप असतो तेव्हा आठवड्याची पीएल घेऊन पहिल्या खर्ड्याला बसतात आणि तीन दिवसांत आटतात. पहिला खर्डा तुकड्यातुकड्यांत लिहून होतो, त्यासाठीच तर चार्जची नोंद. पुनर्लेखन तुकड्यांत होत नाही. साठ हजार शब्द एकदम डोक्यात धरावे लागतात, तेव्हा कळतं की दिलीप अर्ध्यावर नाहीसा झालाय आणि किल्लीचा प्रसंग दोनदा आलाय. तिथे सलग दिवस लागतात. रजा तेव्हा घ्या.

खर्डा झाल्यावर महिनाभर त्याला हात लावू नका. मग छापून काढा. पहिल्या तीन दिवसांत फक्त वाचा, समासात खुणा करा. मग प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ लिहा: यात काय बदलतं? ज्या प्रकरणाची ओळ लिहिता येत नाही ते बहुधा काढायचं असतं. भाषेवरचा हात शेवटी फिरवा. आधी भाषा चकचकीत केली की ते प्रकरण काढायला जीव होत नाही.

पायरी ९: वाचक, प्रकाशक, करार

पहिले वाचक तीन पुरे, आणि त्यातला निदान एक तरी नातेवाईक नसावा. बडोद्यात मराठी वाचकांची वाण नाही. २०१८ चं साहित्य संमेलन इथेच, मराठी वाङ्मय परिषदेच्या यजमानपदाखाली झालं. परिषदेच्या कार्यक्रमांना गेलात तर वाचणारी, तोंडावर सांगणारी माणसं भेटतील. त्यांना 'कशी वाटली?' विचारू नका. 'कुठे कंटाळा आला, पानाचा नंबर सांगा' म्हणा.

प्रकाशक बहुतेक पुण्या-मुंबईचे. पूर्ण बाड न पाठवता आधी पत्र, दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा, आणि त्यांच्या उत्तराची वाट बघताना दिवाळी अंकाला एखादी कथा द्या. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं हे लक्षात असू द्या. लेखकाकडूनच पैसे घेऊन छापणारेही आहेत. त्यात पाप नाही, पण किती प्रती, विक्री कोण करणार आणि न खपलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी घ्या. आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर विचारा.

करारात हक्क किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी देताय ते लिहिलेलं असावं. लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरतो. कॉपीराइट कायद्यातल्या १९ व्या कलमात हे आहे. ऑडिओ, ई-बुक, भाषांतर, चित्रपट हे हक्क 'सर्व हक्क' या दोन शब्दांत देऊन टाकू नका, एकेकाचं वेगळं लिहून घ्या. रॉयल्टी छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, आणि हिशोब वर्षातून कितीदा, तेही. मिळालेली रॉयल्टी आयकर विवरणपत्रात दाखवा. सरकारी नोकरीत असाल तर आपल्या नियमांप्रमाणे कार्यालयाला कळवायचं का ते त्याच वेळी विचारून घ्या.

प्रूफं हमखास मार्च एंडिंगला किंवा शटडाउनला येतात. दोन दिवसांची रजा शिल्लक ठेवली असेल तर ती इथे वापरा, आणि प्रूफं मोठ्याने वाचा.